मोटार कोणती, हा प्रश्न कोणाचा?

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात तीस लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विजेवरील मोटारींवर सहा टक्के कर बसविण्याचा प्रस्ताव होता. तो महिना संपण्यापूर्वीच हा प्रस्ताव मागे घेण्यात आला. अशा करामुळे विजेवरील वाहनांच्या धोरणाविषयी चुकीचा संदेश जाईल, अशी त्यामागची भूमिका होती. त्याआधी दोनच महिने, २५ जानेवारीपासून, एसटीच्या तिकिटात जवळजवळ पंधरा टक्के वाढ झाली होती. ती काही मागे घेतली गेली नाही. मे महिन्यात मुंबईच्या बेस्ट बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेवरील मोटारींना टोलमाफी मिळाली. पेट्रोलच्या मोटारीला तेथे एका फेरीस अडीचशे रुपये पडत होते. (ही माफी विजेवरील बसगाड्यांनाही आहे, हे नमूद केले पाहिजे.) हे चार निर्णय वेगवेगळ्या खात्यांचे असले तरी एकाच वर्षातले आहेत, आणि ते एका ओळीत ठेवून पाहण्यासारखे आहेत.

मध्यमवर्गीय घरांतून सध्या एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. नवी सेडान, म्हणजे मागे सामानाची पेटी असलेली ती लांबट चार दारी मोटार, पेट्रोलची घ्यावी की विजेवरची? पक्षाच्या सहानुभूतीदारांपैकी पुष्कळांच्या घरीही हा प्रश्न असेल. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मोटार घेणे हा गुन्हा नव्हे. पण या प्रश्नाला आता नैतिक रंग चढला आहे. विजेवरची घेणारा तो निसर्गाचा मित्र, पेट्रोलची घेणारा तो बेपर्वा, अशी वाटणी जाहिरातींनी करून टाकली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे, हे आधी हिशेबाने तपासून पाहावे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सोळा किलोमीटरची सरासरी देणारी मोटार घेतली, तर दर किलोमीटरला सुमारे १४५ ग्रॅम; तेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा भार मिळवला, तर १७० ग्रॅमच्या आसपास. विजेवरील मोटार शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिट वीज घेते. मोटारीला धुराची नळी नाही, हे खरे. पण भारतातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशातून येते, आणि तारांतून वाहताना तिची गळतीही होते. हे सारे धरले तर या मोटारीच्या नावावर दर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम जमा होतात. म्हणजे बचत आहे, आणि ती किलोमीटरमागे चाळीसेक ग्रॅमची आहे. मात्र विजेवरील मोटारीची बॅटरी तयार करतानाच काही टन कार्बन खर्ची पडलेला असतो. मध्यम आकाराच्या बॅटरीसाठी तो तीन टन धरला, तर ते कर्ज फेडायला मोटार पाऊण लाख किलोमीटर धावावी लागते. हे सारे आकडे ढोबळ आहेत; वीजनिर्मितीत सूर्य आणि वारा यांचा वाटा वाढेल तसतसे ते सुधारत जातील. पण आजचा क्रम हा असा आहे.

आता पैशाचा हिशेब. लिटरला शंभराच्या थोडा वर दर धरला, तर पेट्रोलच्या मोटारीला किलोमीटरमागे साडेसहा रुपये पडतात. घरच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीला दीड-दोन रुपये. खरेदीच्या वेळी मात्र सगळ्या करसवलती धरूनही विजेवरील मोटार चार-पाच लाखांनी महाग पडू शकते. तो फरक भरून निघण्यास ऐंशी हजार ते लाखभर किलोमीटर लागतात. धुराचा हिशेब आणि पैशाचा हिशेब असे जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालविणाऱ्या, म्हणजे कचेरीला जाऊन येणाऱ्या आणि दिवाळीत गावी जाणाऱ्या कुटुंबाला तो टप्पा गाठायला सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागेल. दिवसाला दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी तोच टप्पा दोन वर्षांच्या आत गाठते. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या बसचे तर विचारायलाच नको.

सेडान घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला यातून सरळ उत्तर मिळते. धाव भरपूर असेल, रात्री घरी चार्जिंगची सोय असेल आणि मोटार दहा वर्षे ठेवायची असेल, तर विजेवरची घ्यावी. ती शहराच्या हवेलाही बरी. धाव थोडी असेल तर आहे ती जुनी मोटार नीट सांभाळून चालविणे हेच अनेकदा अधिक शहाणपणाचे. दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी ती रस्त्यावर तेवढीच जागा अडविते आणि तिच्यात बहुधा एकटा माणूस बसलेला असतो, हे मात्र जाहिरातीत येत नाही.

खाजगी प्रश्न येथे संपतो. सार्वजनिक प्रश्न निराळा आहे, आणि कार्यकर्त्यांना कर्तव्य आहे ते त्याच्याशी. सर्वांत जास्त अंतर तोडणाऱ्या वाहनाला वीज सर्वांत अधिक फलदायी ठरते, हे वरील हिशेबावरून उघड आहे. मग सरकारी सवलतीचा ओघ कोणाकडे असावा? प्रत्यक्षात तो कोणाकडे आहे?

२०१९ च्या ऑगस्टपासून विजेवरील वाहनांवरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांत चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल सेडानवर चाळीस टक्के कर आहे, विजेवरील सेडानवर पाचच टक्के. पंधरा लाख रुपये मूळ किमतीच्या मोटारीमागे हा फरक सव्वापाच लाखांचा होतो. त्यात राज्याच्या मोटारवाहन करातील माफी मिळवावी, टोलमाफी मिळवावी. मोटार विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या दीड लाखापर्यंतच्या व्याजावर, ते कर्ज एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झाले असल्यास, प्राप्तिकरात वजावटही दिली गेली. आणि याच नव्या दरपत्रकात पन्नास माणसे वाहून नेणाऱ्या डिझेलच्या बसवर अठरा टक्के कर आहे! विजेवरील बसवर तो पाच टक्के आहे, हे खरे. पण ग्रामीण महाराष्ट्राची सारी भिस्त अजून डिझेलच्याच गाडीवर आहे.

केंद्राच्या थेट अनुदानाची दिशा तुलनेने बरी होती, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या योजनेत चारचाकींचे अनुदान भाड्याने चालणाऱ्या गाड्यांपुरते होते, आणि २०२४ च्या योजनेत खाजगी मोटारींना स्थान नाही. बसगाड्यांसाठी मात्र चार हजार कोटींहून अधिक तरतूद आहे. परंतु अनुदान अर्थसंकल्पात दिसते, त्यावर चर्चा होते, त्याला मर्यादा असते. करमाफीला ना मर्यादा असते ना चर्चा. जितकी महाग मोटार, तितकी मोठी सवलत. देशातील जेमतेम आठ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्या आठांतही जे वरच्या थरातले, त्यांनाच ही सवलत भरघोस मिळते. तिच्यासाठी सोडून दिलेला महसूल उरलेल्या ब्याण्णवांचाही असतो.

सरकारची स्वतःची खरेदीही याच वाटेने गेली. २०१७ साली केंद्राच्या एका सार्वजनिक कंपनीने विजेवरील दहा हजार सेडान मोटारींची मागणी नोंदविली, ती सरकारी कचेऱ्यांसाठी. पुढच्याच वर्षी, एका चार्जिंगमध्ये या गाड्या ऐंशी किलोमीटरही धड जात नाहीत म्हणून अधिकारी त्या वापरायला नाखूश असल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्र सरकारने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी वापरासाठी घ्यावयाच्या नव्या गाड्या विजेवरीलच असाव्यात असे ठरविले. त्याच सुमारास एसटीचे कामगार संपावर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावू लागली. ही खरोखर आनंदाची गोष्ट होती. पुढे ५१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांतल्या जेमतेम काहीशे गाड्याच रस्त्यावर आल्या होत्या. साहेबाच्या मोटारीचा शासकीय निर्णय वेळेवर निघतो, एसटीची गाडी मात्र ठेकेदाराच्या सवडीने येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. नवे तंत्र आधी श्रीमंतच विकत घेतात, त्यातून उत्पादन वाढते, किंमत उतरते आणि मग ते सर्वांपर्यंत पोहोचते. तेव्हा आरंभीची सवलत ही पुढच्या स्वस्ताईची किंमत आहे, असा हा युक्तिवाद आहे. पण उत्पादन वाढविण्यासाठी सेडानच कशाला हवी? चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या. सार्वजनिक खरेदीतूनही कारखान्यांना बाजारपेठ मिळते, हे त्यावरून सिद्ध होते. खाजगी मोटारींना भरभरून सवलती देणारा नॉर्वे हा श्रीमंत देश, जिथली वीज जवळजवळ सगळी पाण्यापासून होते. त्यानेही २०२३ पासून पाच लाख क्रोनरवरच्या किमतीला मूल्यवर्धित कर लावला. तेथे चुकीचा संदेश जाईल म्हणून कोणी गहिवरले नाही.

दुसरा मुद्दा धुराचा. मुंबई-पुण्याच्या चौकातला धूर विजेवरील मोटारींनी कमी होईल, आणि तो व्हायलाच हवा. पण तिच्या विजेचा बराचसा भाग ज्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून येतो, त्यांपैकी २९२० मेगावॅट क्षमतेचे एक चंद्रपूरला उभे आहे. तेथील माणसांच्या छातीत जाणारी राख शहराच्या स्वच्छतेच्या हिशेबात धरली जात नाही. चंद्रपूरच्या हवेचा खर्च मुंबईच्या मोटारमालकाने भरावा, अशी मागणी कोणी केली तर ती अतिरेकी ठरविली जाईल. त्याला सवलत द्यावी ही मागणी मात्र प्रागतिक ठरते.

आणि कामगार? विजेवरील मोटारीत इंजिन नाही, गिअरची पेटी जवळपास नाही, सायलेन्सर नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकाम कारखान्यांत, पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या लहान गाळ्यांत हेच भाग घडतात. तेथील कंत्राटी कामगाराला हा बदल वर्तमानपत्रातून कळणार आहे, की काम सुटल्यावर? कारखानदारांना प्रोत्साहन देणाऱ्या धोरणाबरोबर या कामगारांच्या फेरप्रशिक्षणाची आणि संक्रमणकाळातील वेतनाची बांधलेली तरतूद असली पाहिजे, आणि ती कामगार संघटनांशी बोलून ठरली पाहिजे. विजेला विरोध करण्याचे मात्र कारण नाही. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाला पेट्रोलची मोटार कायमची परवडणारी नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. खाजगी विद्युत मोटारींच्या कर आणि टोलमाफीला किमतीची कमाल मर्यादा घालावी. रिक्षा, टॅक्सी, दुचाकी, रुग्णवाहिका आणि बस यांची सवलत चालू ठेवावी. मर्यादेवरच्या मोटारींकडून जो कर येईल तो एसटीच्या आगारांत उच्चदाबाच्या वीजवाहिन्या आणि चार्जिंगची यंत्रे बसविण्यासाठी राखून ठेवावा, आणि गाड्या ठेकेदाराच्या न ठेवता महामंडळाच्या मालकीच्या कराव्यात. पुढील अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या आगारात जाऊन तीन आकडे लिहून आणावेत: दहा वर्षांपूर्वी किती गाड्या होत्या, आज किती आहेत, आणि त्यांतल्या किती विजेवर आहेत. मागे घेतलेल्या त्या सहा टक्के कराचा विषय सभागृहात पुन्हा काढायचा झाल्यास हेच आकडे हाती हवेत.