यंत्राची चाचणी होते, नागरिकाची केव्हा?

मतदानाच्या दिवशी पहिला मतदार केंद्रात पाऊल टाकण्यापूर्वी तेथे एक अभिरूप मतदान होऊन गेलेले असते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष यंत्रावर निदान ५० मते नोंदविली जातात, मोजली जातात, आणि ती पुसून टाकल्यावरच खऱ्या मतदानास आरंभ होतो. हे काम बहुतांशी शिक्षक व कारकून मंडळीच करीत असल्याने त्यांना ते सांगावयास नको. प्रश्न एवढाच की, यंत्राबाबत आपण जी दक्षता घेतो, ती मतदाराबाबत घेतो काय?

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. दहावी झालेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होतो. तोवर नागरिकशास्त्र त्याच्या वाट्याला येते ते इतिहासाच्या जोडीला बांधलेले, व्याख्या पाठ करण्यापुरते.

यावरील उपाय नवा नाही. १९६२ साली मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शाळा-महाविद्यालयांतून अभिरूप संसद भरविण्याची शिफारस केली, आणि १९६६ मध्ये दिल्लीच्या शाळांतून ‘युवा संसद’ योजना सुरू झाली. पुढे तिचा विस्तारही झाला. पण पुष्कळदा या संसदेचे स्नेहसंमेलनातील नाटक होते. प्रश्न शिक्षकांनी लिहिलेले, उत्तरेही त्यांचीच. विरोधकांनी केव्हा सभात्याग करावयाचा हेही तालमीत ठरलेले. अशा सभागृहात सरकार कधी अडचणीत येत नाही आणि कोणाचे मतही पालटत नाही. लोकशाही म्हणजे पाठ केलेले संवाद, एवढाच धडा मुले घरी नेतात.

याऐवजी शाळेत अभिरूप ग्रामसभा भरवून पाहावी. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. मुलांच्या हाती गावाचा साधा जमाखर्च द्यावा. पैसा एकाच कामापुरता आहे. पाण्याची टाकी दुरुस्त करावयाची की वस्तीचा रस्ता? भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या मुलाला टाकीसाठी भांडावे लागेल. निकाल आधी ठरवू नये. शिक्षकाने दिग्दर्शक न होता केवळ नियमांची राखण करावी. आणि सभा संपताच उठून जाऊ नये. कोण बोललेच नाही, कोणाचा आवाज दाबला गेला, हरलेल्यांना निर्णय का मान्य करावा लागला, याची चर्चा तितकाच वेळ व्हावी. खरे शिक्षण तेथेच होते.

यावर दोन आक्षेप येतात. शाळेत राजकारण शिरेल, हा पहिला. परंतु पक्षाचा प्रचार वेगळा आणि सार्वजनिक प्रश्नाचा विचार वेगळा. दुसरा टाळल्याने पहिला थांबत नाही, उलट त्याला मोकळे रान मिळते. दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा बोजा पाहता तो खोटा नाही. म्हणूनच हा उपक्रम जादा काम म्हणून लादू नये. वेळापत्रकातील नागरिकशास्त्राचे दोन-तीन तास त्यासाठी मोकळे सोडावेत व तेवढी घोकंपट्टी कमी करावी.

अभिरूप मतदानात यंत्र चुकले तर ते बदलता येते. वर्गातील सभेत मुलगा चुकला तर तो सुधारतो. ही संधी वर्गात दिली नाही, तर त्याची पहिली चूक खऱ्या मतपत्रिकेवर होईल, आणि तिची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागेल.