वारा पाहून पाठ देऊ नका!

शुक्रवारची संध्याकाळ. मुंबईहून फ्लाइट पकडलीय, बेल्ट लावलाय आणि विमान मात्र रनवेच्या पार दुसऱ्या टोकाकडे रांगत निघालंय. ‘अरे, इथूनच उडव की बाबा!’ शेजारचे काका वैतागतात. थांबा काका, सगळी वाऱ्याची कृपा आहे.

वारा पाहून पाठ द्यावी, ही आपली ऑफिसातली पॉलिसी. विमानाचं नेमकं उलटं. त्याला वारा तोंडावर हवा असतो. पंखांना जमिनीवरचा वेग कळतच नाही, कळतो तो अंगावरून जाणाऱ्या हवेचा. समजा, नाक उचलायला १४५ नॉटचा वेग हवाय. समोरून २० नॉटचा वारा असेल, तर चाकांनी १२५ गाठले की काम फत्ते. रनवेही कमी लागतो. पण मागून १० नॉटचा वारा आला, तर चाकांना १५५ गाठावे लागतात! म्हणूनच मुंबईत बहुतेक वेळा विमानं समुद्रावरच्या वाऱ्याला भिडत पश्चिमेकडे उडतात.

खरी गंमत पुढेच आहे. नाक उचलतानाच समोरचा वारा अचानक पडला तर? पंखांची उचल कमी होते, विमान जमीन सोडत नाही, नाक मात्र वर जातच राहतं. आणि शेपूट रनवेला घासते. हाच टेलस्ट्राइक. लांबलचक विमानांना याची भीती जास्त. एअरबस ए३२१ चाकांवर असताना नाक १०-११ अंशांवर गेलं, की शेपूट टेकलीच. नाक उचललं जातं सेकंदाला साधारण ३ अंशांनी. म्हणजे सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा! म्हणून वारा झोतांनी येत असला, की पायलट इंजिनांना जास्त जोर देतात आणि नाक उचलायची घाई करत नाहीत.

‘एका ओरखड्यानं काय होतंय?’ असं वाटतंय? १९७८ साली ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका जंबोची शेपूट घासली. आतल्या, केबिनच्या हवेचा दाब पेलणाऱ्या पडद्याची दुरुस्ती चुकीची झाली. सात वर्षं ते विमान मजेत उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तो पडदा फुटला आणि ५२० माणसं गेली. म्हणूनच आज शेपूट घासल्याचा नुसता संशय आला, तरी तपासणीशिवाय विमान पुन्हा उडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी विमान लांबच्या टोकाला निघालं, तर घड्याळ बघू नका. त्याला वारा तोंडावर घेऊ द्या. पाठ द्यायला आपलं सोमवारचं ऑफिस आहेच!