कामिरिथूचा रंगमंच आणि वासाहतोत्तर समीक्षेची सोय

वासाहतोत्तर समीक्षेने आफ्रिकी साहित्याचे एक सोयीस्कर वाचन रूढ केले आहे: केंद्र लंडन, परिघ नैरोबी आणि साहित्य म्हणजे परिघाने केंद्राला दिलेले उत्तर. या मांडणीत स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्था जवळजवळ अदृश्य होते आणि लोकशाहीकडील संक्रमणाचा प्रश्न राज्यशास्त्राकडे ढकलला जातो.

केनियाचा दाखला या वाचनाला छेद देतो. १९७७ साली न्गुगी वा थिओंगो यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही नव्या राज्यकर्त्यांवर प्रहार करणारी इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यावर बंदी आली नाही. त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात, ग्रामस्थांनी स्वतः उभारलेल्या खुल्या रंगमंचावर, न्गुगी वा मिरी यांच्यासह लिहिलेले ‘न्गाहिका न्देंदा’ हे गिकुयू नाटक सादर झाले. काही आठवड्यांतच प्रयोग बंद पाडण्यात आले आणि वर्षअखेर थिओंगो यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. ही कारवाई वसाहतवाद्यांनी नव्हे, जोमो केन्याटा यांच्या सरकारने केली.

यावरून ‘स्वभाषेत लेखन हीच मुक्ती’ असा निष्कर्ष मातृभाषावादी समीक्षक काढतात. तोही उतावळा आहे. गिकुयू ही केन्याटांचीही मातृभाषा होती. २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात उसळलेल्या वांशिक हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली. तेव्हा स्थानिक भाषांतील काही नभोवाणी केंद्रांवरच विद्वेष पसरविल्याचा ठपका आला. भाषा स्वतःहून लोकशाहीवादी नसते.

कामिरिथूत सत्तेला खुपले ते निराळेच. तेथे ग्रामस्थांच्या सूचनांनुसार संहिता बदलत गेली. ज्यांच्याविषयी बोलले जात होते, तेच बोलू लागले. १९८२ साली मोई राजवटीने संविधानदुरुस्ती करून एकपक्षीय राज्य कायदेशीर केले. हा रंगमंचही त्याच वर्षी जमीनदोस्त करण्यात आला. या दोन कृतींमागचे तर्कशास्त्र एकच होते. उलट, १९९१ मध्ये बहुपक्षपद्धती परतली, तरी १९९२ आणि १९९७ मध्ये विभागलेल्या विरोधकांपुढे मोईच विजयी झाले. मतपेटी परत देता आली. हिरावलेला सहभाग तिच्याबरोबर परतला नाही.

म्हणून ‘कोणाला उत्तर दिले?’ एवढ्यावर थांबणारी समीक्षा अपुरी आहे. संहितेत फेरफार करण्याचा अधिकार कोणाला होता आणि तो कोणी काढून घेतला, हे तिने विचारलेच पाहिजे. तो प्रश्न टाळणारा सिद्धान्त, कितीही बंडखोर परिभाषेत मांडला, तरी नव्या सत्ताधाऱ्यांच्याच सोयीचा ठरतो.