पाहुण्यांनी बसवावं, घरच्यांनी चालवावं

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जायचं, तिथल्या मुलांना गाणं, नाच आणि अभिनय शिकवून एक संगीतिका बसवायची आणि मानधन न घेता परतायचं. या उपक्रमाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. जाणाऱ्यांना ती सेवा वाटते, तर टीकाकारांना ती सेवेच्या नावाखाली केलेली सहल वाटते. मी अनेक वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते आहे. टीकाकारांच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे, असं माझंही मत आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही, कारण अनेकदा हा ‘परदेश’ म्हणजे भारतच असतो. ब्रॉडवेवरच्या संगीत-दिग्दर्शक मेरी-मिचेल कॅम्पबेल यांनी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ‘आर्टिस्ट्स स्ट्रायव्हिंग टू एंड पॉव्हर्टी’ ही संस्था उभी केली. तिचे स्वयंसेवक तमिळनाडूतल्या शांती भवन या निवासी शाळेत मुलांना संगीत, नृत्य, नाटक शिकवायला येत राहिले. अब्राहम जॉर्ज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या शाळेत अत्यंत गरीब घरांतली मुलं लहानपणीच दाखल होतात आणि बारावीपर्यंत शिकतात. अशा मुलांसमोर अमेरिकेतून आलेला तरुण कीबोर्ड घेऊन बसतो, तेव्हा काय घडतं? भलं की बुरं?

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. परदेशी स्वयंसेवकांची हौस भागवण्यासाठी मुलांचाच बाजार मांडला जातो, असं टीकाकार म्हणतात, आणि ते खोटं नाही. कंबोडियात पर्यटक वाढले तशी अनाथालयंही वाढली आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते, हे युनिसेफने २०११ मध्ये समोर आणलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीलाही गुलामगिरीचाच प्रकार मानलं. आई-बापापासून तोडलेल्या मुलाला दर महिन्याला नवा ताई-दादा लळा लावतो आणि निघून जातो, ही क्रूरता आहे. तिथे नाटकच काय, काहीही शिकवायला जाऊ नये.

पण यातून सिद्ध होतं ते इतकंच की जागा पारखून घ्यावी. जिथे मुलांना आपलं घर आहे, वर्षभर शिकवणारे शिक्षक आहेत, येणाऱ्याची पूर्वचौकशी होते आणि पाहुणा गेला तरी मुलांची घडी विस्कटत नाही, तिथे हा आक्षेप लागू पडत नाही. खोट्या अनाथालयाचं पाप खऱ्या शाळेच्या माथी मारणं न्यायाचं नव्हे.

दुसरा आक्षेप मुदतीचा. दोन-तीन आठवड्यांत मुलं काय शिकणार? गणित किंवा इंग्रजीबद्दल हा प्रश्न कोणी विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही. नाटकाची गोष्ट वेगळी आहे, कारण प्रयोगाची तारीख ठरल्याशिवाय नाटक उभंच राहत नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातलं मिझुला चिल्ड्रन्स थिएटर गेली कित्येक दशकं हेच करून दाखवत आहे. त्यांचे दोन नट-दिग्दर्शक नेपथ्य आणि वेशभूषा गाडीत भरून एखाद्या गावात येतात. सोमवारी गावातली मुलं रांगेत उभी राहतात आणि प्रत्येकजण मोठ्या, स्पष्ट आवाजात आपलं नाव आणि वय सांगतो. त्यातून पन्नासेक मुलं निवडली जातात आणि आठवडा संपता संपता गावासमोर पूर्ण संगीतिका होते. ही पद्धत सापडली तीही गरजेतून. १९७२ मध्ये हिमगौरीचं नाटक दौऱ्यावर नेताना सात बुटके बरोबर नेणं परवडेना, म्हणून माइल्स सिटी या गावातल्याच मुलांना बोलावलं, तर सात भूमिकांसाठी चारशेहून अधिक मुलं हजर झाली!

हे नट-दिग्दर्शक पगारी असतात, स्वयंसेवक नव्हेत. पण मुदतीबद्दलचा मुद्दा त्याने बदलत नाही. थोड्या दिवसांत मूल गायक होत नाही, नट होत नाही. मात्र दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, कोरसमध्ये शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिळवायचा, विसरलेल्या ओळीवर रडत न बसता पुढची ओळ उचलायची, हे ते शिकतं. तालमीत हे रोज करावंच लागतं, म्हणून ते अंगवळणी पडतं.

तिसरा आक्षेप ऐकला की मला मनापासून राग येतो. गरीब मुलांना आधी पोटभर जेवण आणि धड शाळा द्या, नाचगाणी कसली? जणू गरिबाच्या मुलाला एका वेळी एकच भूक लागते! संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं एकतिसावं कलम खेळ, विश्रांती आणि कलाजीवनातला सहभाग हा मुलांचा हक्क मानतं आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांनी उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. त्या मुलांच्या पोटापाण्याची काळजी त्यांना नव्हती असं कोण म्हणेल? मूल आपल्या वस्तीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगू लागलं की त्याच्या भुकेचीही दखल घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

चौथा आक्षेप सांस्कृतिक आक्रमणाचा. न्यूयॉर्कची गाणी आमच्या मुलांच्या गळ्यात का बांधता? या आक्षेपाचा अर्धा भाग चूक आहे आणि अर्धा बरोबर. चूक यासाठी की रंगभूमीला परका वारा नेहमीच मानवला आहे. सुधा करमरकर यांनी बालरंगभूमीचं शिक्षण अमेरिकेत घेतलं आणि परतल्यावर १९५९ मध्ये मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने मराठी बालनाट्याला नवं वळण दिलं. डॉ. मोहन आगाशे यांनी ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची गाण्यांनी भरलेली नाटकं पुण्यात आणली. जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग कोलनेडर इथे येऊन नाटक बसवून गेले, श्रीरंग गोडबोले यांनी ‘छान छोटे वाकडे मोठे’ मराठी घरातलंच वाटेल असं लिहिलं. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, म्हणजे ते शिबिराचं नाटक नव्हे. पण पाहुणा कसा यावा आणि त्याने मागे काय ठेवावं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही. कोलनेडर गेले आणि ग्रिप्स पुण्यात राहिलं. पुढच्या पिढीच्या विभावरी देशपांडे यांच्यासारख्या रंगकर्मींनी ते आपलं म्हणून पुढे नेलं.

आक्षेपाचा बरोबर असलेला अर्धा भाग असा. ब्रॉडवेच्या संगीतिकांच्या तासाभराच्या बालआवृत्त्या तयार मिळतात. त्यातली गाणी मुलांच्या गळ्याला झेपतील अशा पट्टीत उतरवलेली असतात आणि त्या कामात खरं कसब आहे. पण प्रयोगाचा परवाना घेताना संहितेत परवानगीशिवाय बदल करायचा नाही, अशी अट असते. म्हणजे मुलांनी परक्या मुलखाची गोष्ट परक्या भाषेत पाठ म्हणायची. घरी तमिळ, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलीला शब्दाचा अर्थ न कळता हसून गाणं म्हणायला लावलं, तर तो पोपटपंचीचा तास झाला. तेव्हा स्वयंसेवकाने तयार संहिता घरी ठेवून यावं. गोष्ट गावातली असावी, बोली मुलांची असावी, चाल दोघांनी मिळून बांधावी.

पाचवा आक्षेप पैशाचा. विमानभाड्याच्या रकमेत इथल्या शिक्षकाचे कितीतरी पगार निघतील, मग पाहुणा कशाला? हिशेब बिनतोड आहे, पण पाहुण्याजवळ एक गोष्ट असते, जी स्थानिक शिक्षकाकडे नसते. आपल्या शाळांचं गॅदरिंग आठवा. राजा कोण होतो? ज्याचे उच्चार ‘शुद्ध’, ज्याचे वडील गावात वजनदार, तो. बाकीच्यांनी झाडं व्हायचं, नाहीतर भालदार-चोपदार. एका खेड्यातल्या शिबिरात एक मुलगी सगळ्यांत मागे बसायची. तिची बोली ऐकून वर्ग हसायचा आणि बाईंनी तिला पडदा ओढायचं काम दिलं होतं. बाहेरून आलेल्या पेटीवाल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने प्रत्येकाला एकेक सूर लावायला सांगितला. तिने काळी चारमध्ये असा षड्ज लावला की पेटीवरची त्याची बोटं थांबली. नाटकातली आजी तिला मिळाली, आणि आजीची भाषा तिच्या घरची बोलीच ठरली. अनोळखी माणसाला मुलाचं आडनाव, हजेरी क्रमांक आणि वर्गातली जागा माहीत नसते. म्हणून त्याला मूल आधी ऐकू येतं. हे अज्ञान मोलाचं आहे.

पण ती आजी पुढच्या वर्षीही रंगमंचावर यायची असेल, तर त्या बाईंनाच ते नाटक बसवता आलं पाहिजे. माझा सगळा पक्ष या एका गोष्टीवर उभा आहे. पहिल्या दिवसापासून स्थानिक शिक्षक पाहुण्याच्या शेजारी उभा हवा, आणि मदतनीस म्हणून नव्हे, सहदिग्दर्शक म्हणून. पाहुणा मानधन घेत नाही म्हणून शिक्षकाकडूनही फुकट राबण्याची अपेक्षा धरू नये. त्याला सुट्टीतल्या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे आणि तो शिबिराच्या खर्चात विमानभाड्याच्याही आधी मांडला पाहिजे. संहितेची प्रत, गाण्यांचं ध्वनिमुद्रण, हालचालींच्या नोंदी शाळेत राहाव्यात. मुलांचे फोटो पाहुण्याच्या प्रसिद्धीसाठी नसावेत. आणि शक्य असेल तर तीच माणसं दरवर्षी यावीत, दरवेळी थोडं कमी काम स्वतःकडे ठेवून.

मराठी तरुण रंगकर्मींनीही अशा शिबिरांना जरूर जावं. संगीत नाटकाची आपली परंपरा १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून चालत आली आहे. जगाच्या पाठीवर कुठल्याही मुलांसमोर मोकळ्या हाताने बसण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. फक्त अर्ज भरण्यापूर्वी आयोजकांना विचारावं, की मी गेल्यावर हे काम कोणाच्या हाती राहणार आहे. उत्तरादाखल त्यांनी एका शिक्षकाचं नाव सांगितलं तर निःशंक मनाने निघावं. नाव सांगता आलं नाही, तर तिकिटाचे पैसे असा शिक्षक घडवण्यासाठी द्यावेत. मुलांचं भलं दोन्हींत आहे.