बाकाची उंची
ज्या बाकावर मूल दिवसाचे पाच-सहा तास काढते, त्याची उंची त्या मुलाच्या गुडघ्याशी जुळते की नाही, याची नोंद खरेदीच्या दफ्तरात क्वचितच असते. एकाच मापाचे बाक सर्व इयत्तांना सर्रास पुरवले जातात, लहानग्यांचे पाय अधांतरी लोंबकळतात, बाकाची कड मांडीखाली रुतून पायांना मुंग्या येतात, आणि त्यातून उद्भवणारी चुळबुळ मात्र, हा केवढा अन्याय, मुलाच्या चंचल स्वभावाच्या खात्यावर जमा होते. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत सुरू केलेल्या बालगृहासाठी शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या, ठेंगण्या खुर्च्या मुद्दाम घडवून घेतल्या होत्या. बाकांची मागणी मंजूर करण्यापूर्वी संबंधित अंमलदारांनी प्रत्येक इयत्तेतील मुलांच्या गुडघ्यांची उंची मोजवून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.