जड साखळी आणि हलकी साखळी

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या सासूबाईंचें वय बहात्तर. कंबर दुखते, थकवा फार येतो, म्हणून रक्त तपासविलें, तों अहवालाच्या शेवटीं 'आय्‌जीजी कप्पा' असे शब्द निघाले. पुरुषमंडळींनीं तो कागद कपाटांत ठेवून दिला व म्हातारीस 'अशक्तपणा आहे, दुसरें कांहीं नाहीं' असें सांगितलें. हे शब्द तरी काय आहेत, असें भगिनी विचारितात. आम्ही वैद्य नव्हों. परंतु शब्दांचा अर्थ लावून सांगण्यांत आमचा सारा जन्म गेला, तेव्हां तेवढ्यापुरतें उत्तर देण्यास हरकत नाहीं.

आपल्या अस्थींच्या मज्जेंत ज्या प्लाझ्मा पेशी राहतात, त्या रोगजंतूंस अडविणारीं प्रतिपिंडें घडवितात. प्रत्येक प्रतिपिंडांत चार साखळ्या असतात. दोन जड व दोन हलक्या, गंधकाच्या दुव्यांनीं एकमेकींस जखडलेल्या. जड साखळी हलकीच्या सुमारें दुप्पट वजनाची. जडीचे पांच वर्ग असून त्यांस ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं आहेत. हलकीचे दोनच, कप्पा आणि लॅम्डा. 'आय्‌जीजी' म्हणजे जड साखळी गॅमा वर्गाची, आणि 'कप्पा' हें हलकीचें नांव. सारांश, ते शब्द रोगाचें नांव नव्हेत. विवाहप्रसंगीं कुळ आणि गोत्र सांगतात, तसला तो प्रकार आहे.

मग अहवालांत कुळगोत्र लिहिण्याचें कारण काय? निरोगी रक्तांत असंख्य घराण्यांचीं प्रतिपिंडें नांदत असतात. विजेच्या प्रवाहांत रक्तरस पसरविला असतां त्या सर्वांचा एक रुंद, सौम्य उंचवटा दिसतो. परंतु एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढला, कीं एकाच सांच्याचा माल निघूं लागतो व उंचवट्याच्या जागीं अणकुचीदार शिखर उभें राहतें. तें शिखर कोणत्या घराण्याचें, हें त्या दोन शब्दांत लिहिलेलें असतें.

येथें घाबरून जाण्याचें कारण नाहीं, व डोळे मिटून बसण्याचेंही नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांतल्या एका परगण्याची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पन्नाशी ओलांडलेल्या शंभर माणसांत सुमारें तिघांच्या रक्तांत असें शिखर आढळलें. अशा निरुपद्रवी अवस्थेंतून मायलोमा म्हणजे मज्जेचा कर्करोग, किंवा तत्सम विकार होण्याचें प्रमाण वर्षास शेंकडा एकच्या आसपास असतें. पुष्कळांस केवळ नियमित तपासणी पुरते. मात्र हा दिलासा ज्यांस कांहीं त्रास नाहीं त्यांच्याकरितां. कंबर दुखत असेल, रक्त कमी असेल, तर हाडें, मूत्रपिंडें व रक्तांतील कॅल्शियम यांची तपासणी रक्तरोगतज्ज्ञाकडून विलंब न लावितां करवून घ्यावी. सासूबाईंस कागद दाखवावा कीं नाहीं, हा प्रश्न भगिनींनीं विचारला नाहीं, तरी आम्ही सांगतों कीं दाखवावा. दुखणें त्यांचें आहे, आणि बहात्तर वर्षांच्या बाईस घरांतील कुजबुज ऐकूं येत नसेल, असें मानणें भोळेपणाचें होय.

या विकाराचा पहिला धागा हातीं लागला तो १८४५ सालीं, लंडनमध्यें. पंचेचाळिशीच्या सुमाराचा एक किराणा व्यापारी छातीच्या व पाठीच्या वेदनांनीं अंथरुणास खिळला होता. डॉक्टर विल्यम मॅकिंटायर यांनीं त्याचें मूत्र तापवून पाहिलें, तों विलक्षण प्रकार दिसला. ऊन होतांच तें गढूळ होई, उकळी फुटतांच निवळे, आणि थंड होऊं लागलें कीं पुन्हां गढूळ. नमुना सेंट जॉर्ज रुग्णालयांतील रसायनज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांजकडे गेला. रोगी १८४६ च्या पहिल्याच दिवशीं वारला. शवपरीक्षेंत त्याच्या बरगड्या सुरीखालीं चुरल्या. मूत्रांतील द्रव्यास मात्र जोन्स यांचें नांव कायमचें चिकटलें. वास्तविक तापविण्याचे श्रम मॅकिंटायर यांचे. पण कीर्तीची वांटणी अशीच चालते.

तें द्रव्य म्हणजे काय, हें कळावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. १९५९ सालीं इंग्लंडांत रॉड्नी पोर्टर यांनीं पपईच्या चिकांतील पाचक द्रव्यानें प्रतिपिंडाचे तुकडे पाडले, आणि न्यूयॉर्कमध्यें जेराल्ड एडेलमन यांनीं गंधकाचे दुवे सोडवून साखळ्या वेगळ्या केल्या. उभयतांस १९७२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हलकी साखळी सुटी करून तापविली तर तीही तशीच गढूळ होऊन निवळते, हें १९६२ सालीं एडेलमन व गॅली यांनीं दाखविलें. त्या व्यापाऱ्याच्या मूत्रांतून जात होती ती जोडीदारिणीवांचून उरलेली हलकी साखळी! गृहस्थांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मूत्रांत बुडवून रंग पाहण्याची जी कागदी पट्टी असते, ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. ही साखळी तिच्या दृष्टीस बहुधा पडत नाहीं. 'लघवी स्वच्छ आहे' एवढ्यावरून निश्चिंत होऊं नये. या साखळीची तपासणी वेगळी मागावी लागते.

हलकी साखळी अशी एकटी हिंडते. जडीची गोष्ट निराळी. नुसती प्रकृति वापरूं नये व नुसता प्रत्ययही वापरूं नये, असा वैयाकरणांचा नियम आहे. पेशींतही जड साखळीस एकटीनें उंबरठा ओलांडण्याची मनाई आहे. हलकी येऊन मिळेपर्यंत एक रखवालदार प्रथिन तिला एका विशिष्ट जागीं धरून ठेवितें. हें १९८३ सालीं उजेडांत आलें. परंतु पेशीच्या आनुवंशिक लेखांतून नेमकी तीच जागा गळाली, तर रखवालदारानें धरावें कशास? अपुरी जड साखळी एकटीच रक्तांत उतरते. फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूयॉर्कमध्यें वर्णिलेला, १९६४ सालीं प्रसिद्ध झालेला 'जड साखळी रोग' तो हाच. तो अतिशय दुर्मिळ आहे. १९६८ सालीं पॅरिसचे सेलिग्मन यांनीं आल्फा साखळीचा प्रकार दाखविला. तो भूमध्य समुद्राभोंवतालच्या देशांत, बहुधा तरुणांस, आंतड्यांत होतो. आणि आरंभीं ओळखला तर कित्येकदां केवळ जंतुनाशक औषधांनीं मावळतो. कर्करोगाच्या उंबरठ्यावरून टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनीं माघारीं आलेला रोगी, हें आम्हांस या सर्व प्रकरणांतील मोठें आश्चर्य वाटतें.

दुसरें आश्चर्य उंटाचें. ब्रुसेल्सच्या विद्यापीठांत रेमंड हॅमर्स यांच्या प्रयोगशाळेंत उंटाचा रक्तरस तपासतांना असें दिसलें कीं, त्याच्या कांहीं प्रतिपिंडांत हलकी साखळी मुळींच नाहीं. आणि जड साखळींतील रखवालदारानें धरावयाची जागाही नाहीं. हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. माणसांत जो रोग, तो उंटांत व त्याच्या लामा या भाईबंदांत नित्याचा व्यवहार! त्या साखळीचें टोंक इतकें लहान व टिकाऊ निघालें, कीं त्यावरून औषधें घडविण्यांत आलीं. रक्तांतील बिंबिका एकवटून बारीक वाहिन्या बुजवितात, असा एक प्राणघातक विकार आहे. त्यावर कॅप्लासिझुमॅब नांवाच्या अशा औषधास २०१८ सालीं युरोपांत मान्यता मिळाली.