कारागृह अभ्यागत मंडळाची नेमणूक, त्याच्या शेऱ्यांवरील कार्यवाही व वार्षिक अहवाल याबाबत निवेदन

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
गृह विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : जिल्हा कारागृहाचे अभ्यागत मंडळ तातडीने नेमणे, शेऱ्यांना मुदतीत लेखी उत्तर देणे आणि मंडळाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहोत. आमच्यात दोन वकील, एक निवृत्त परिचारिका आणि एक शिक्षिका आहेत. ज्यांचा मुलगा किंवा नवरा आज कच्चा कैदी म्हणून आत आहे, अशा सात जणीही आहेत. परिचारिका आणि शिक्षिका या दोघींनी जिल्हा कारागृहाच्या अशासकीय अभ्यागत म्हणून एक मुदत काम केले. ती मुदत संपल्यावर नवी नेमणूक झालेली नाही. हे निवेदन कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. अपुऱ्या मनुष्यबळावर दिवसपाळी आणि रात्रपाळी काढणारे कारागृह रक्षक आम्ही जवळून पाहिले आहेत.

पहिल्याच फेरीत महिला बराकीतल्या संडासाचा नळ बंद असल्याचे दिसले. त्या दिवशी आत 19 जणी होत्या आणि आईसोबत राहणारी दोन लहान मुले. अंगणातल्या हौदातून बादल्या भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत तेवढ्याच पाण्यात भागवायचे, असे चालले होते. आम्ही अभ्यागत नोंदवहीत शेरा लिहिला. तीन महिन्यांनी गेलो, तर नळ तसाच होता आणि शेऱ्याखाली ‘पाहिले’ एवढा एक शब्द व सही होती. पुन्हा शेरा लिहिला, त्याखाली पुन्हा ‘पाहिले’. चौकशी केल्यावर कळले की दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाने करायची आणि त्या विभागापर्यंत शेरा पोचलेलाच नाही. आदर्श कारागृह नियमावली, 2016 ने कार्यकारी अभियंत्यांना मंडळाचे सदस्य केले आहे ते नेमके अशा कामासाठी. आमच्या मुदतीत त्या कार्यालयातून बैठकीला एकदाही कोणी आले नाही. एक वायसर बदलायला सात महिने लागले. बराकीतली एक जण त्या काळात बाळंत झाली.

आमचे सगळे म्हणणे या ‘पाहिले’ शब्दापाशी येऊन थांबते. पाहणी होते, शेरा लिहिला जातो, पण त्याला उत्तर कोणीच देत नाही.

अभ्यागतांची कल्पना नवी नाही. त्यांच्या नेमणुकीची तरतूद 1894 च्या कारागृह कायद्यातच होती. सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1979 मध्ये जिल्हा न्यायाधीश व जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कारागृहांना भेटी देण्यास आणि बंद्यांसाठी तक्रारपेट्या ठेवण्यास सांगितले. त्या प्रकरणाची सुरुवात एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून झाली होती. देशातील 1,382 कारागृहांच्या अमानवी स्थितीबाबतच्या प्रकरणात 15 सप्टेंबर 2017 रोजी न्यायालयाने अशासकीय सदस्यांसह अभ्यागत मंडळे नेमण्याचा आदेश दिला. असे असताना आमच्या जिल्ह्यात मंडळ नाही, हे आम्हाला समजण्यापलीकडचे आहे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, मंडळ तातडीने नेमावे आणि यापुढे मुदत संपण्याच्या आधीच नव्या मंडळाचा आदेश निघावा. अशासकीय सदस्यांत किमान एक महिला असावी आणि आरोग्याची जाण असलेली एक व्यक्ती असावी. बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी. पदसिद्ध सदस्य सलग दोनदा गैरहजर राहिल्यास ते इतिवृत्तात नोंदवून आपल्या विभागास कळवावे.

दुसरी मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्यावा. त्याची प्रत त्याच आठवड्यात संबंधित विभागाकडे जावी आणि 30 दिवसांत काय केले, किंवा का करता येत नाही, याचे लेखी उत्तर नोंदवहीत चिकटवावे. ‘पैसा नाही’ हेही उत्तर चालेल, कारण मग पैसा कोणाकडे मागायचा हे तरी कळते. नुसते ‘पाहिले’ मात्र उत्तर धरू नये.

तक्रारपेटीबद्दलही सांगणे भाग आहे. आम्ही पाहिलेली पेटी कार्यालयाच्या दारालगत, रक्षकाच्या स्टुलासमोर टांगलेली होती आणि किल्ली आतल्याच कर्मचाऱ्याकडे होती. तीत एकही चिठ्ठी नव्हती. मुलाखतीच्या जाळीपलीकडून मात्र तक्रारी भरभरून ऐकू येत: कँटीनसाठी घरून पाठवलेले पैसे वेळेवर जमा होत नाहीत, गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख हुकते, दाढदुखीवर महिनाभर एकच गोळी. पेटी बराकीकडे हलवावी, किल्ली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ठेवावी आणि बंद्यांशी बोलताना कर्मचारी ऐकण्याच्या अंतरावर नसावेत. फेऱ्यांपैकी निम्म्या तरी न कळवता व्हाव्यात. आगाऊ कळवलेल्या दिवशी बराकी धुतलेल्या असतात आणि भाजीत भाजी असते.

शिध्याकडे लक्ष का हवे, याचे एक उदाहरण देतो. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरला गेला. वाद अंडी आणि पाव कमी मिळाल्यावरून सुरू झाल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. शिधा वजनकाट्यावर मोजून पाहणे, हे अभ्यागताचे अगदी साधे काम आहे. ते दर महिन्याला झाले पाहिजे आणि वजनाचा आकडा नोंदवहीत लिहिला गेला पाहिजे.

तिसरी मागणी वार्षिक अहवालाची. इंग्लंडमध्ये प्रत्येक तुरुंगासाठी सामान्य नागरिकांचे स्वतंत्र देखरेख मंडळ असते आणि त्याचा वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतो. आमच्याकडे नोंदवही कपाटात राहते. मंडळाने वर्षाअखेर किती फेऱ्या झाल्या, किती शेरे लिहिले, किती निकाली निघाले आणि किती कोणाकडे अडकले, एवढे चार-सहा पानांत मराठीतून मांडावे. तो अहवाल जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यावा व विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. बंद्यांची नावे त्यात अर्थातच नसावीत.

त्या अहवालात दोन गोष्टी न चुकता असाव्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला, की काही अपवाद वगळता त्याच्या सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करणे हे अधीक्षकांचे कर्तव्य आहे. असे किती जण पात्र ठरले आणि किती अर्ज वेळेत गेले, हे मंडळाने तपासावे. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे असताना याहून तातडीची तपासणी नाही. दुसरे असे की, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी कारागृहांत जातीवरून कामे वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी संयुक्त पाहणी करावी असे सांगितले. मंडळच नसेल तर ती पाहणी करणार कोण? संडास कोण धुतो आणि स्वयंपाकघरात कोण आहे, हे प्रत्येक फेरीत विचारून लिहिले जावे.

या निवेदनावर काय निर्णय झाला ते 30 दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती. आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ दिल्यास त्या दोघी माजी अभ्यागत आपली टिपणे घेऊन मुंबईला येण्यास तयार आहेत.

आपले विश्वासू,
(सह्या स्वतंत्र पानावर जोडल्या आहेत)

सोबत : मागील मुदतीत लिहिलेल्या शेऱ्यांची तारखेनुसार टिपणे.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
1. मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, पुणे
2. मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई